रक्तपुरवठा घटलेल्या आतड्याला जीएलपी-२ वाचवू शकेल का?

धागाकर्ता:
अन्न पोहोचताच लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील आणि मोठ्या आतड्यातील ‘एल’ पेशी जीएलपी-२ हे ३३ अमिनो आम्लांचे पेप्टाइड रक्तात सोडतात. ते आतड्याच्या अस्तराची वाढ घडवते, हे संशोधक डॅनियल ड्रकर यांच्या गटाने १९९६ मध्ये उंदरांत दाखवले, आणि आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य धमनीतील रक्तप्रवाह त्याने वाढतो, हे पुढे माणसांतही दिसले. प्राण्यांची ही धमनी काही काळ बांधून मग सोडली असता, हे पेप्टाइड मिळालेल्यांच्या अस्तराची हानी कमी झाल्याचे प्रयोगही आहेत. महाधमनीच्या पूर्वनियोजित शस्त्रक्रियेत आतड्याचा रक्तपुरवठा घटण्याची भीती असतेच. तेथे याची चाचणी घेण्यास आता विलंब करू नये, असे माझे मत आहे.

पहिला प्रतिसाद (विरोधी):
वाट गुठळीने बंद झाली असेल, तर पुढच्या नळ्या रुंद करून काय साधणार? शिवाय हानी नेमकी कोठे होते ते पाहा. रसांकुरात (अस्तरावरच्या बोटासारख्या सूक्ष्म उंचवट्यात) वर चढणारी धमनिका आणि खाली उतरणारी शिरा एकमेकींना इतक्या लगटून असतात की प्राणवायू टोकाला पोहोचण्याआधीच अधेमध्ये पलीकडे झिरपतो. प्रवाह मंदावला की ही गळती वाढते आणि टोकावरच्या पेशी सर्वांत आधी मरून गळू लागतात. रुग्ण पोटदुखी घेऊन येतो तेव्हा हे पुष्कळदा घडून गेलेले असते. प्रयोगशाळेतल्या उंदराची धमनी किती वाजता बांधायची हे ठरलेले असते, रुग्णाची गुठळी अशी वेळ सांगून येत नाही.

धागाकर्ता:
म्हणूनच तर मी ‘पूर्वनियोजित’ म्हटले. गुठळीच्या रुग्णाला शल्यविशारदच हवा, याबद्दल वादच नाही.

दुसरा प्रतिसाद (विरोधी):
पूर्वनियोजित असले तरी माझी शंका वेगळी आहे. नैसर्गिक जीएलपी-२ चे रक्तातील अर्धायुष्य सुमारे ७ मिनिटे, कारण डीपीपी-४ हे विकर त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्ले छाटून टाकते. दुसऱ्या स्थानावरच्या अॅलनिनऐवजी ग्लायसिन बसवून टेड्युग्लुटाइड केले गेले, आणि २०१२ मध्ये ते आखूड आतड्याच्या विकारासाठी (आतड्याचा बराच भाग गमावल्याने शोषण अपुरे पडते त्यासाठी) मान्य झाले. पण मोठ्या आतड्यातल्या गाठी वाढण्याच्या धास्तीने ते सुरू करण्याआधी प्रौढ रुग्णाची दुर्बिणीने तपासणी करावी लागते. महाधमनीचे रुग्ण बहुधा वयस्क असतात. त्यांच्या आतड्याला वाढीचा संदेश देताना हात आखडता घ्यायला नको का?

तिसरा प्रतिसाद:
इंजेक्शनच कशाला? नळीतून थोडे अन्न दिले तरी ‘एल’ पेशी हेच पेप्टाइड सोडतात.

दुसरा प्रतिसाद (विरोधी):
हा उपाय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. अन्न शोषायला प्राणवायू लागतो. रक्तदाब टिकवण्यासाठी रक्तवाहिन्या आवळणारी औषधे मोठ्या मात्रेत चालू असताना आतडे भरले, तर मागणी वाढते आणि पुरवठा तेवढाच राहतो. धमनीत कोठेही गुठळी नसताना आतडे सडल्याची उदाहरणे अशाच रुग्णांत नोंदली गेली आहेत.

धागाकर्ता:
नळीच्या अन्नाबाबत मी आपल्याशी सहमत आहे, गाठींबाबत मात्र पूर्णपणे नाही. ती धास्ती महिनोन् महिने रोज घ्यायच्या औषधाची आहे. मी सुचवतो ते शस्त्रक्रियेच्या आगेमागे दोन-चार दिवसांपुरते. तरीही मूळची गाठ तेवढ्यानेही चेतवली जाईल, ही शक्यता मी नाकारत नाही, म्हणून ज्यांची तपासणी आधी झालेली आहे आणि निर्दोष आली आहे, अशाच रुग्णांपासून चाचणी सुरू व्हावी.

पहिला प्रतिसाद (विरोधी):
आणि यश मोजणार कशाने? रक्तप्रवाह वाढला एवढ्याने माझे समाधान होणार नाही. मुख्य धमनीतून जास्त रक्त गेले, तरी ते रसांकुराच्या टोकापर्यंत पोहोचलेच असे नव्हे. किती रुग्णांचे आतडे कापावे लागले, हा आकडा दोन्ही गटांत मोजणार असाल, तर माझा विरोध मागे घेतो.