आजीच्या खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन करावं का? (पुणे)

चाफा:
आजी ८४ वर्षांची. काल पहाटे बाथरूममध्ये घसरली. घराजवळच्या हॉस्पिटलात एक्सरे काढला, खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात रॉड घालू. बीपी, शुगर आहे. हृदयातल्या स्टेंटमुळे क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. आई म्हणते या वयात चिरफाड नको, पायाला वजन लावून पडून राहू दे. मामाला संचेतीत न्यायचंय. काय करावं?

पर्वतीपायथा:
संचेतीत हाडांचंच काम चालतं, दीनानाथ आहे, खर्च झेपत नसेल तर ससून आहे. पण स्टेंट असल्यामुळे फिजिशियन, हृदयाचे डॉक्टर आणि आयसीयू एकाच ठिकाणी असतील असं बघा. आजी ७०च्या पुढच्या आहेत, सरकारी योजनेतून मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? ते हॉस्पिटल योजनेत आहे का, हे भरती करतानाच विचारा.

वसुधाताई:
मी ऑर्थो वॉर्डात नर्स होते, आता निवृत्त आहे. चाफा, आईला नीट समजावून सांग. वजन लावून हाड कदाचित जुळेलही, पण तोवर दोन-तीन महिने अंथरुणात जातात. त्यात पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो, पायात गुठळी होते. म्हातारी माणसं हाडानं नाही, या पडून राहण्यानं जातात. ऑपरेशन त्यांना उठवून बसवण्यासाठी असतं. धोका त्यातही आहे, पण पडून राहण्याचा मोठा.

रॉड म्हणतायत म्हणजे बहुधा मांडीच्या हाडाच्या मानेच्या (वरच्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागाच्या) खालचं, ट्रोकँटरचं फ्रॅक्चर असेल. मानेतच मोडलं की सांध्यातल्या त्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून या वयात बहुतेकदा गोळाच बदलतात.

उशीर करू नका. ब्रिटनमध्ये भरतीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करा असंच सांगतात. नुसत्या क्लोपिडोग्रेलसाठी पाच-सात दिवस थांबायची सहसा गरज नसते. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी आजच बोला. मनाने गोळी बंद करू नका, स्टेंट आहे. तोवर दुखणं कमी करायला मांडीच्या नसेला ब्लॉक, म्हणजे बधिर करणारं इंजेक्शन, देता येतो, तो मागा.

रात्री आजी भलतंच बोलायला लागल्या, माणसं ओळखेनाशा झाल्या तर सिस्टरला लगेच सांगा. असं बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकदा निवळतं. चष्मा, कानाचं यंत्र जवळ ठेवा, घरचं माणूस उशाशी बसू दे.

चाफा:
ताई, आईला वाचून दाखवलं. तयार झाली. मानेच्या खालचंच आहे, उद्या सकाळी ऑपरेशन. हॉस्पिटल बदलत नाही, हृदयाचे डॉक्टर इथेच आहेत. अजून काय विचारू?

वसुधाताई:
छान. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करणार का, आणि पायावर पूर्ण भार टाकू देणार का, हे विचार. घरी सोडताना हाडं ठिसूळ झाल्याचं औषधही विचारून घे. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बऱ्याचदा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन देतात, आधी किडनीची तपासणी करून. आणि बाथरूममध्ये धरायला दांडा आजच बसवून घ्या.