भांडणाशिवाय दुरावा
नोकरीला लागलेले बालमित्र दुरावतात, हे भांडणाशिवाय पडद्यावर कसं आणायचं, या प्रश्नाबद्दल. दोघांचं न जुळणारं वेळापत्रक पुरेसं आहे. समजा, नागपूर: एक मिहान या उद्योगक्षेत्रातली रात्रपाळी संपवून तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर येतो, दुसऱ्याला इतवारीतलं दुकान उघडायचंय. तो गाडीवरून उतरतच नाही. लहानपण २४ एमएमच्या रुंद लेन्सवर, दोघं एकाच चौकटीत. नंतर त्याच ठेल्यावर ८५ एमएमची जवळचं दाखवणारी लेन्स, प्रत्येकाचा वेगळा शॉट. सकाळचं ऊन मात्र तेच हवं, नाहीतर फरक जागेचा वाटतो. खरी जागा संवादात आहे: ‘काय बे’चं हळूच ‘कसा आहेस?’ होतं. तिथे पार्श्वसंगीत अजिबात नको, सगळं बुडतं. ठेल्यावरचा नुसता आवाज ३० सेकंद वेगळा रेकॉर्ड करा. त्याशिवाय संकलनात ती शांतता तुटक होते.