मिनी लेथवर एमएस (माइल्ड स्टील) पार्टिंग करताना, म्हणजे बार कापून वेगळा करताना, टूल थरथरतं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घरी ७ बाय १४ इंची मिनी लेथ बसवलाय. आईच्या जुन्या शिलाई मशीनचे बुश त्यावरच करायचे आहेत. पितळ, ॲल्युमिनियम सुरेख कापलं जातं. अडतंय ते २० मिमी एमएस बारच्या पार्टिंगला: ब्लेड थोडं आत गेलं की चॅटर (थरथर) सुरू होतो आणि टूल अडकतं. ब्लेड एचएसएसचं (हाय स्पीड स्टील), वेग ४०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला साधारण २५ मीटर. टूलची उंची सेंटरला जुळवली आहे, बारही चकबाहेर कमीत कमी ठेवलाय. कटिंग ऑइल लावतोच.

क्रॉस स्लाइडचे (टूल आडवं आत-बाहेर नेणाऱ्या भागाचे) गिब, म्हणजे ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्या, किती कसावेत? वेग निम्मा करू की फीड (टूल आत सरकवण्याचा दर) वाढवू? ब्लेड उलटं धरणारं, बारच्या मागच्या बाजूला बसवायचं टूलपोस्ट (टूल धरणारा भाग) एवढ्या हलक्या मशीनवर खरंच उपयोगी पडतं का? कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या अनुभवी टर्नर मंडळींनी जरूर सांगावं, तुमच्या हाताला हे ठाऊक असतं.