रिपोर्ट म्हणतो नॉर्मल, अंग म्हणतं नाही : थायरॉइडच्या गोळीचे तुमचे अनुभव

ठाणेकरीण
आज औषधांच्या दुकानात माझ्या पुढे एक मुलगी उभी होती, पंचविशीची असेल. "काका, थायरॉइडच्या गोळ्यांची ५० च्या ऐवजी ७५ ची बाटली द्या ना. रिपोर्ट नॉर्मल आलाय, पण अंगात जीवच नाही." काकांनी चिठ्ठीशिवाय दिली नाही, बरं केलं. मला मात्र माझं २०१४ साल आठवलं.

तेव्हा धाकटा दोन वर्षांचा, ऑफिस फोर्टात. स्टेशनचा जिना चढताना मध्येच कठडा धरून थांबायचे. डोस ७५ मायक्रोग्रॅम, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड कमी पडलं की हे वाढतं, जास्त झालं की घटतं) २.८. डॉक्टर म्हणाले, थायरॉइड व्यवस्थित आहे. कंगव्यातला गुंता बघून रोज रडू यायचं. घरात २५ ची जुनी बाटली होती. कुणाला न सांगता तीही रोज घ्यायला लागले. आधी जरा तरतरी आली. दोन महिन्यांनी रात्री छातीत धडधड, हात थरथरतायत, झोपेचा पत्ता नाही. टीएसएच ०.०८, आणि थकवा होता तिथेच!

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करायला लावलं. ६ निघालं. हिमोग्लोबिन १२.१ होतं म्हणून तोवर कुणाला शंकाच आली नव्हती. डोस परत ७५, लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी. चार-पाच महिन्यांत जिना एका दमात चढले.

त्या मुलीशी बोलायचं राहून गेलं, ते मनाला लागलंय. तुमचं काय झालं होतं, लिहा.

चाफा
वाचतेय. माझं पण सेम चालू आहे. कुकर लावून येते.

भीमाकाठ
माझ्या सासूबाई. टीएसएच एकदा ९, एकदा ३, परत ११. डोस ५० चा १०० झाला तरी तेच. मी सुट्टीला कोल्हापूरला गेले तेव्हा दिसलं, गोळी घेतात ती चहाच्या घोटाबरोबर! वर लगेच कॅल्शियमची गोळी, एका डबीत सगळ्या एकत्र. त्यामुळे थायरॉइडची गोळी नीट अंगी लागतच नव्हती. आता रात्री झोपताना घेतात, जेवणानंतर तीन तासांनी. डॉक्टरांना विचारूनच केलं. डोस परत ७५ वर आलाय.

माणदेशी
आईचं लिहितो. धाकट्या बहिणीच्या वेळी बाळंतपणात आईचं रक्त फार गेलं. दूध आलंच नाही, पाळीही परत आली नाही. पुढची अकरा वर्षं मे महिन्यातसुद्धा अंगात स्वेटर, आवाज जड, भुवया विरळ. टीएसएच तीनदा केलं, तिन्ही वेळा २ च्या आसपास. लोक म्हणायचे, बाईला काम नको. हे आईच्या कानावर जायचं.

मिरजेच्या एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का?" फ्री टी४ (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) केलं, ते पार खाली. थायरॉइडला हुकूम सोडणारी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथीच त्या रक्तस्रावात सुकून गेली होती. शीहान सिंड्रोम म्हणतात. यात टीएसएच नॉर्मल दिसू शकतं, म्हणून डोसही फ्री टी४ बघूनच ठरवतात. आणि एक, थायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉइडच्या गोळीच्या, आधी आईला स्टेरॉइड सुरू करावं लागलं. कॉर्टिसोल (अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड) कमी असताना नुसती थायरॉइडची गोळी दिली असती तर जिवावर बेतलं असतं. आई आता ६३ ची आहे, यंदा स्वतः ज्वारी राखायला जात होती.

ठाणेकरीण
माणदेशी दादा, अकरा वर्षं! आईंना माझा नमस्कार सांगा. वाचून पोटात तुटलं.

निशाचर
पुरुषांनाही होतो हो हा आजार, आमच्या खात्यात तिघे आहेत. माझी नाईट ड्यूटी, गोळ्या सारख्या चुकायच्या. टेस्टच्या आधी आठ-दहा दिवस मात्र नियमित. रिपोर्टात फ्री टी४ छान आणि टीएसएच १८. दोन डॉक्टर बुचकळ्यात पडले. तिसऱ्यांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "गोळ्या खरंच रोज घेता का?" सांगून टाकलं. टी४ काही दिवसांत भरून निघतं, टीएसएच खाली यायला आठवडे लागतात, म्हणूनच डोस बदलला की सहा आठवडे थांबून तपासतात. ते ओरडले नाहीत, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आता गोळी टूथब्रशच्या शेजारी.

सुरंगी
कोबी, फ्लॉवर बंद करायचा का? आमच्याकडे डब्यात दुसरं काही चालतच नाही.

भीमाकाठ
सुरंगी, शिजवून खायला काही हरकत नाही असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय. सोयाबीन मात्र गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा.

टेम्सकाठी
इंग्लंडला आल्यावर पहिला रिपोर्ट बघून हादरले होते. पुण्यात फ्री टी४ १.२ असायचं, इथे एकदम १५! घाम फुटला. मग नर्सने एकक दाखवलं. इथे पिकोमोलमध्ये लिहितात, आपल्याकडे नॅनोग्रॅममध्ये. १.२ ला १२.८७ ने गुणा, १५ च येतात. टीएसएचचा आकडा दोन्हीकडे सारखाच. घर बदललेल्यांसाठी लिहून ठेवतेय.

रातराणी
माझं उलटं झालं होतं. बद्धकोष्ठ, थंडी, वजन चार किलो वाढलेलं. म्हणजे डोस कमी पडतोय असंच वाटणार ना? रिपोर्टात टीएसएच ०.०२ आणि टी४ जास्त! डोस कमी करायचं जवळजवळ ठरलं होतं. रक्त घ्यायला आलेल्या मुलाने विचारलं, "ताई, केसांसाठी काही घेता का?" घेत होते, बायोटिन हे जीवनसत्त्व, १० मिलिग्रॅम. काही यंत्रांच्या तपासणीत बायोटिन वापरलेलं असतं, रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवडाभर बंद ठेवून परत केलं, टीएसएच ७.४. म्हणजे अंग खरंच सांगत होतं. त्या मुलाला घरी बोलावून जेवायला घातलं मी.

सुरंगी
फेरिटिनवरून आठवलं, थंडीत अळिवाचे लाडू करा. पाव वाटी अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, एक नारळ खवून, गूळ, शेवटी जायफळ.

माणदेशी
गूळ किती?

सुरंगी
खोबऱ्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. मंद आचेवर, गोळा कढई सोडायला लागला की उतरवा.

ठाणेकरीण
लाडू सकाळच्या गोळीबरोबर नको हं, दुपारी खा.

पारिजात
बाबांचं थोडक्यात. वय ७८, टीएसएच ६.२, तक्रार काहीच नव्हती. मीच मागे लागून गोळी सुरू करवली. पुढे डोस वाढत गेला, टीएसएच ०.१ ला आलं आणि नाडी अनियमित लागायला लागली. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वयात टीएसएच थोडं वर असणं चालतं, खाली जाणं वाईट. गोळी बंद करून वर्ष झालं, बाबा सकाळी बागेत चालतात. तेव्हाची माझी घाई आजही सलते.

रातराणी
पारिजात, काळजीपोटीच केलंत ना. मन खाऊ नका.

चाफा
आले परत, मुलांची जेवणं झाली. रातराणी ताई, तुमचं वाचून उठून माझी केसांची बाटली बघितली. बायोटिन १०! माझी उद्या सकाळी टेस्ट होती आणि गेल्या वेळी टीएसएच कमी आलं म्हणून माझा डोस ८८ वरून ५० केलाय. तेव्हापासून मी उठूच शकत नाहीये. आता डॉक्टरांना फोन केला. बाटली बंद, टेस्ट पुढच्या शुक्रवारी.

रातराणी
शाब्बास. शुक्रवारी लवकर जा आणि गोळी पर्समध्ये ने. रक्त दिल्यावर घे, त्याआधी नको. आणि बायोटिनचं लॅबवाल्यांना चिठ्ठीवर लिहायला सांग.

चाफा
हो ताई. शुक्रवारी लिहिते.