त-ट, न-ण, ल-ळ यात लेकीचा सारखा गोंधळ होतोय, घरी सराव कसा घेऊ?

ओवीची_आई:
माझी मुलगी पहिलीत आहे, इंग्लिश मीडियम, आम्ही ठाण्यात राहतो. घरी आम्ही मराठीच बोलतो पण नर्सरीपासून शाळेत फोनिक्स (अक्षरांच्या आवाजावरून वाचायला शिकवतात ते) झालंय त्यामुळे इंग्लिश शब्द फोडून फोडून छान वाचते. मराठीची मुळाक्षरं बघून ओळखते, गिरवते पण सुंदर, पण मी शब्द सांगितला की लिहिताना सगळं बिघडतं. वात सांगितलं तर वाट लिहिते, ताटचं टाट होतं, बाणचा बान, काळाचा काला, आणि फळचं कधीकधी पळ. शाळेच्या वहीत सगळीकडे लाल गोळे येतात आणि आता मराठीची वही काढली की तिचे डोळेच भरून येतात, मला ते बघवत नाही. रोज दहा-दहा वेळा लिहून घेतलं तरी दुसऱ्या दिवशी तेच. एवढ्या चुका एकदम कुठून सुधारायला घेऊ तेच कळेना. कोणी लहान मुलांना घरी शिकवलं असेल तर प्लीज सांगा.

शिक्षिका_निवृत्त:
अगं आधी ते दहा-दहा वेळा लिहून घेणं आजपासून बंद कर. तिचा हात चुकत नाहीये, तिच्या कानाला फरक लागत नाहीये, आणि कानाला जे लागलं नाही ते हात किती वेळा लिहिणार. मी २६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला होते, तुझी यादी वाचून मला काय दिसलं सांगू? तुला पाच चुका दिसतायत पण त्यातलं फळ सोडलं तर बाकी सगळी मिळून एकच चूक आहे. स्वतः म्हणून बघ, त, न, ल म्हणताना जीभ पुढे दातांपाशी लागते. ट, ण, ळ म्हणताना जीभ मागे वळून वर टाळूला लागते. म्हणजे तिला फक्त पुढची जीभ आणि मागची जीभ एवढंच वेगळं करायचंय. इंग्लिशमध्ये हा फरक नाही, आपण इंग्लिशमध्ये तारा लिहिलं काय आणि टाटा लिहिलं काय, अक्षर एकच वापरतो, मग तिच्या कानाने तरी तो फरक कशाला धरून ठेवावा?

वही मिटून ठेव आणि जोड्या खेळ. देवघरातली वात एका हातात घे, दुसरीकडे कागदावर वाट काढ, आणि नुसतं म्हण, तिने बोट दाखवायचं. मग माल-माळ, वेल-वेळ, काल-काळ, मन-मण, पाती-पाटी. मण म्हणजे काय ते तिला माहीत नसणार, तेही सांग, चाळीस शेरांचा मण. एका आठवड्यात एकच जोडगोळी, त-ट झाली की मग न-ण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नंतर उलटं कर. तिने म्हणायचं आणि तू बोट दाखवायचं. तिला म्हणायचंय वात आणि तोंडातून आलं वाट, की तू मुकाट वाटेवर बोट ठेव. ती स्वतःच म्हणेल अगं नाही ही, आणि जीभ पुढे आणून परत म्हणेल. तू चूक काढायचीच नाहीस.

अजून एक. फोनिक्समध्ये मुलांना शब्दाचा पहिला आवाज ऐकायची सवय लागते. पण आपला ण आणि ळ मराठी शब्दाच्या सुरुवातीला येतच नाही, म्हणून तर तक्त्यावर न नळाचा असतो पण ण बाणाचा आणि ळ बाळाचा, अक्षर शेवटी. तेव्हा तिला विचार, शब्द संपताना काय ऐकू आलं?

फळचं वेगळं आहे. तोंडासमोर तळहात धरायला सांग, प ला वारा लागत नाही, फ ला लागतो, तसंच क-ख, ट-ठ. फ म्हणताना ओठ मिटायला हवेत हं, शहरातली मुलं फळ पण फॅनसारखंच दात टेकवून म्हणतात. घ, ध, भ ला हाताला वारा एवढा कळत नाही, तिथे गर-घर, दार-धार, बार-भार अशा जोड्याच बऱ्या.

वऱ्हाडी_बाबा:
बाईंचं एकदम पटलं, फक्त आमच्याकडचं एक सांगतो. आमची आई अकोल्याकडची, तिच्या तोंडी पानी, लोनी आणि डोळ्याला डोया. पोरगा तिच्याच मांडीवर वाढला, तोही तसंच बोलायचा आणि लिहायचा. शाळेत त्याला सांगितलं की तुझी आजी अशुद्ध बोलते, तो घरी येऊन आजीला म्हणाला तू चुकीचं बोलते, दोन दिवस आई गप्प होती. मला फार लागलं ते. मग आम्ही एक वही केली, डाव्या बाजूला आजीचा शब्द, उजव्या बाजूला पुस्तकातला शब्द. पानी, पाणी. डोया, डोळा. काया, काळा. आजी शब्द सांगायची, हा पुस्तकात शोधायचा. शंभरेक शब्द झाले असतील, त्यात त्याचा ण आणि ळ पक्का झाला आणि आजीशी तो अजून वऱ्हाडीतच बोलते. तुमच्या घरी कोणी असं बोलणारं असेल तर त्यांना यात नक्की घ्या.

मीनल_स्पीच:
मी वाचा-उपचार करते म्हणून एवढंच लिहिते. वरचे खेळ चांगलेच आहेत. पण वात-वाट समोर ठेवूनही तिला बऱ्याच दिवसांत फरक ओळखता आला नाही, किंवा मागून हाक मारल्यावर लक्ष जात नाही, सारखी सर्दी असते, टीव्ही मोठा लावते असं काही असेल तर आधी कान तपासून घ्या. कानात पाणी साचलं असेल तरी बारीक फरक निसटतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत तपासणी होते.

ओवीची_आई:
बाई, तुमचं वाचून मी स्वतः पाच मिनिटं आरशासमोर त ट, न ण, ल ळ म्हणत बसले, खरंच एकच गोष्ट आहे की ही, इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नाही. मीनलताई, ऐकण्याचा त्रास वाटत नाही पण सर्दी असते तिला, दाखवून घेते. एक विचारायचं राहिलं, श आणि ष चं काय? आणि ऱ्हस्व-दीर्घ?

शिक्षिका_निवृत्त:
श-ष कानावर सोडूच नकोस, आता आपण दोन्ही सारखेच बोलतो, मग लेकराने ऐकून कसं ओळखायचं? पोटफोड्या ष चे शब्द डोळ्यांनीच लक्षात ठेवायचे, भाषा, वर्ष, विशेष. गोष्ट, कष्ट, कृष्ण यात ट आणि ण च्या आधी तोच येतो एवढं पुढे सांगता येईल. पण स-श मात्र कानाचं आहे, शाल-साल, शूर-सूर.

ऱ्हस्व-दीर्घ पहिलीत अजिबात नको. दुसरीत गेली की फूल-फुलं, मूल-मुलं, वीट-विटा, चूल-चुली असं गाण्यासारखं म्हणून घे, अस्सल मराठी शब्दात शेवटी साधं अक्षर असलं की आधीचं दीर्घ आणि शब्द वाढला की ते ऱ्हस्व. अशाच मराठी शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला तर दीर्घ, पाटी, वाटी, लाडू. आणि, नि हे दोन वेगळे, तेवढे पाठ.

ओवीची_आई:
आज वात-वाट खेळलो. दहापैकी सहा बरोबर आले. उलटं खेळताना मी वाटेवर बोट ठेवलं तर म्हणाली, "आई, थांब, माझी जीभ मागे गेली." उद्या माल-माळ घेऊ का अजून चार दिवस हेच?

शिक्षिका_निवृत्त:
अजून चार दिवस हेच. त्यात पाती-पाटी घाल फक्त.