हानलेला एकच रात्र: जाण्यात अर्थ आहे का?

अगस्ती
लेहच्या आठवडाभराच्या सहलीला हल्ली शेवटी हानले चिकटवतात, म्हणजे लडाखमधलं काळ्याभोर आकाशाचं, वेधशाळेचं गाव. दुपारी पोचायचं, रात्री तारे, पहाटे उमलिंग ला ही उंच खिंड. माझ्या मते तीन रात्री देता येत नसतील तर हानले सरळ गाळा. वेधशाळेच्या अनुभवानुसार वर्षातल्या सुमारे 260 रात्री ताऱ्यांच्या प्रकाशाचे वर्णपट घ्यायला चालतात, पण पूर्ण निरभ्र म्हणाव्यात अशा 190च्या आसपास. म्हणजे एका रात्रीत अस्सल आकाश मिळणं हा छापा-काटाच. जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून वाईट.

निशाचर
सपशेल असहमत. लेह 3,500 मीटर, हानले गाव जवळपास 4,300. तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा साधा नियम इथेच मोडतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या-दुसऱ्या रात्रीच गाठतं. मोठं रुग्णालय मागे लेहमध्ये, अडीचशे किलोमीटरवर. तीन रात्री द्यायच्याच तर लेहला द्या. मग वाटेतल्या चुमाथांगला एक मुक्काम, आणि हानलेला एक रात्र पुरे. ढग आले तर आले.

अगस्ती
चुमाथांगचा मुद्दा मान्य. पण ढग एकदा आले की बहुधा दोन-तीन दिवस बसतात, म्हणून तर जास्त रात्री हव्यात.

मृगशीर्ष
दोघेही रात्री मोजताय, तारीख कोणी बघत नाही. अमावास्येच्या आगेमागे चार दिवस नसतील तर तीन रात्रीही चांदण्यात जातील. आकाशगंगेचा मध्य बघायचा असेल तर हानलेच्या अक्षांशावरून तो दक्षिणेला जेमतेम 28 अंश वर येतो. दक्षिण भारतातून बराच उंच दिसतो! हानलेची खरी मिळकत म्हणजे कोरडी, विरळ हवा. त्यामुळे क्षितिजाजवळचे तारेही फारसे मंदावत नाहीत.

जूनअखेर खरा अंधार रात्री नऊच्या पुढे होतो, मध्य साडेअकराच्या सुमारास सर्वात उंच येतो, साडेतीनला पहाटेचा उजेड सुरू. सप्टेंबरअखेर उलट: अंधार साडेसातला, पण तोवर मध्य पश्चिमेकडे कललेला आणि दहाच्या आत डोंगराआड. तेव्हा जेवण आटोपून निवांत बाहेर येणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

फोटोवाल्यांसाठी: 14 मिमी, f/2.8, आयएसओ 3200, 20 सेकंद यापासून सुरुवात करा. लेन्सवरच्या अनंत अंतराच्या (∞) खुणेवर विसंबू नका. पडद्यावर एखादा ठळक तारा मोठा करून फोकस जुळवा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, जादाची आतल्या खिशात ठेवा. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला, नाहीतर काचेवर दव धरतं.

घाटवाट
एका रात्रीच्या पाहुण्यांचा खरा त्रास वेगळाच. 2022 साली इथे अंधार-आकाश राखीव क्षेत्र जाहीर झालं. गावकरी खिडक्यांना जाड पडदे लावतात, दिवे झाकतात, आणि उशिरा पोचलेली एक गाडी हेडलाइट फिरवत आली की सगळ्यांच्या डोळ्यांना पुन्हा 20-30 मिनिटं लागतात. दिवसाउजेडी पोचा, गाडी भिंतीकडे तोंड करून लावा, विजेरीला लाल कागद.

शिवाय फक्त रात्रीसाठी येणारे नदीकाठची ओली कुरणं गाडीने तुडवतात. काळ्या मानेचे क्रौंच तिथेच घरटी करतात. कियांग, म्हणजे इथली रानगाढवं, बघायची तर रस्त्यावरूनच, शंभरेक मीटर दुरून. मागे गाडी पळवली की कळप विरळ हवेत उगाच दमतो.

निशाचर
मोठ्या दुर्बिणीतून बघायला मिळेल या भ्रमातही कोणी राहू नये. 2 मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात, तिथे डोळा लावायची सोय नाही. गावातले प्रशिक्षित खगोलदूत आपल्या छोट्या दुर्बिणींतून दाखवतात, त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

अगस्ती
ठीक, तडजोड: लेह 3, चुमाथांग 1, हानले 2, सगळं अमावास्येच्या बेताने. उमलिंग ला मात्र रद्द. रात्रभर जागून सकाळी 5,800 मीटरवर चढायचं, हे ड्रायव्हरच्या जिवाशीही खेळणं आहे.