मदत हवी आहे: जुन्या वाड्यातल्या दुरुस्तीची मंजुरी ऑनलाइन कशी करावी?

वाईत आमच्या न्यासाचा दोन चौकी वाडा आहे. पुढे वाचनालय, मागे बिऱ्हाडं, माडीवर पोथ्यांची कपाटं. दुरुस्तीचं मी बघतो (मानद, म्हणजे शिव्या खायला). मिस्त्री सांगतो, मी टिपण लिहितो, नस्ती तिघा विश्वस्तांकडे फिरते. त्यातले एक साताऱ्यात, एक मुलाकडे पुण्यात. कन्झर्वेशन आर्किटेक्ट बाईंचा शेरा मेलवर येतो आणि शेवटचा होकार व्हॉट्सॲपवर. कंत्राटदाराला दिसतो तो फक्त अंगठा.

गेल्या उन्हाळ्यात ग्रुपवर दोन फोटो पडले, एक सोप्याच्या (ओसरीच्या) भिंतीचा, एक मोरीचा. खाली 'करून घ्या'. नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही. बाईंनी सोप्याला चुन्याचा गिलावा लिहिला होता. मोरीसाठी आणलेलं सिमेंट तिथे चढलं. पावसाळ्यात ओल बाहेर पडायला वाट उरली नाही, ती भिंतीतल्या लाकडात मुरली. आता ते सिमेंट विटांचे टवके न काढता खरवडायचंय. असो.

विश्वस्तांनी 'सगळं ऑनलाइन करा' असा ठराव केलाय. गूगल फॉर्म काय, एका दुपारी होईल. पण फॉर्मला काम आधीच ठाऊक असावं लागतं आणि जुन्या वाड्यात ते नसतं. 'तुळईचं एक टोक बदलणे' अशी मंजुरी घ्यावी, तर भिंत उघडल्यावर दिसतं की वाळवी शेजारच्या खणातही पोचलीय. धिरे (टेकू) लावलेले, मजुरांची हजेरी चालू, मृगाआधी कौलं परत बसायला हवीत. मग नवी नस्ती फिरवायची की 'अनुषंगिक काम' म्हणून जुन्यातच घुसवायचं? आजवर घुसवलंच आहे सगळ्यांनी.

व्याप्ती मध्येच बदलली तर तुम्ही कशी नोंदवता? नकाशा बदलला की जुना होकार रद्द व्हावा, असं काही स्वस्तातलं साधन आहे का? मिस्त्री टाइप करत नाहीत, फोटो आणि आवाज पाठवतात. ते बंद करायचं नाहीये. त्यांच्या बोलण्यात माझ्या टिपणापेक्षा जास्त माहिती असते.

वाडा संरक्षित स्मारक नाही, तेव्हा सरकारी परवानगीचा प्रश्न नाही असं धरून चाललोय.

प्रतिसाद १
ते शेवटचं वाक्य आधी तपासा. तुमचा वाडा संरक्षित नसेल, पण जवळ केंद्राचं संरक्षित स्मारक असलं तर? प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्याला २०१०मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यानुसार स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. दोन्ही पट्ट्यांत दुरुस्तीलाही परवानगी लागते. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची ऑनलाइन अर्जाची सोय आहे. राज्य संरक्षित स्मारकांचा १९६०चा कायदा वेगळा. नगरपालिकेच्या वारसा यादीत नाव आहे का, तेही बघा. उत्तरं एकदा मिळवून फॉर्मच्या माथ्यावर कायमची लिहून ठेवा.

प्रतिसाद २
सांगलीकडे जुन्या इमारतींची कामं घेतो, म्हणून लिहितोय. मंजुरी दोनदा घ्या. पहिली फक्त उघडण्याची: कुठली भिंत, किती फूट, धिरे कुठे. तिथे थांबायचं, मिस्त्रीने फोटो टाकायचे, मग दुसरी. धिरा देणं आणि ताडपत्री टाकणं याला मंजुरीच नको, हे ठरावात घालून घ्या. नाहीतर पावसात माणसं सहीची वाट बघत बसतात. वेल्डिंगची परवानगी मात्र त्या दिवसापुरतीच, आणि काम संपल्यावर तासभर कुणीतरी तिथे थांबायचं. जुनं सागवान आत धुमसत राहिलं तर बाहेरून कळत नाही.

साधन म्हणाल तर साधी शीटही पुरते. कामाला क्रमांक, नकाशाची पीडीएफ त्याच क्रमांकाची, रेषा बदलली की नवा क्रमांक. होकार फोटोला द्यायचा नाही, क्रमांकाला द्यायचा. मिस्त्रीच्या आवाजाची फाइलही त्याच फोल्डरमध्ये.

धागाकर्ता
दोन टप्पे पटले. पण दुसरी मंजुरी लगेच कशी मिळावी? पुण्याचे विश्वस्त दुपारी फोन उचलत नाहीत. आर्किटेक्ट बाईंचा एकटीचा शब्द चालेल?

प्रतिसाद २
पैशावर ठरवा. मंजूर इस्टिमेटच्या आत आणि चुन्याला चुना, सागाला सागच असेल तर बाईंचा शब्द पुरे. रक्कम वाढली किंवा माल बदलला तर तिघांपैकी दोघं. पण हे अधिकार त्यांना ठरावाने द्या, ग्रुपवर नको.